घरच्या सर्व्हरसाठी मिनी पीसी घेताय? आधी डिस्कचं आणि लाईटचं बघा, प्रोसेसरचं नंतर

माझ्याकडे हे प्रकरण सुरू झालं ते आईच्या फोनमुळे. गूगलचे १५ जीबी भरले आणि रोज सकाळी "जागा संपली" असा मेसेज यायला लागला. आई एकही फोटो डिलीट करायला तयार नाही, त्यात भाच्याच्या बारशाचे फोटो आणि शिवाय लोकांनी पाठवलेले शेकडो सुप्रभात. गूगल फोटोजचं फुकट अनलिमिटेड १ जून २०२१ पासून बंद झालं, तेव्हापासून घरोघरी हीच रड आहे. मी म्हटलं घरीच एक छोटा सर्व्हर लावू, काय अवघड आहे. अवघड नव्हतं, पण मी तीन चुका केल्या आणि त्यातल्या दोन पैशाच्या होत्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

एक आधीच सांगतो. फक्त महिन्याचे क्लाउडचे पैसे वाचवायचेत एवढंच कारण असेल तर हा उद्योग करू नका. मशीन, डिस्क, बॅकअपची दुसरी डिस्क आणि तुमचे रविवार, हा हिशोब काही वर्षं तरी जुळत नाही. पण फोटो आपल्या घरात राहावेत, कागदपत्रं एका जागी सापडावीत आणि थोडी खाजही असेल, तर पुढे वाचा.

१. दुकानात जायच्या आधी कागदावर लिहा

नेमकं काय काय चालवायचंय ते खरंच लिहून काढा. बहुतेक घरांत यादी अशीच होते: फोटोंसाठी इमिच, सिनेमे आणि जुन्या लग्नाच्या व्हिडिओंसाठी जेलीफिन, जाहिराती अडवायला पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम, स्मार्ट दिवे वगैरे असतील तर होम असिस्टंट, आणि कागदपत्रांसाठी पेपरलेस. पेपरलेस आतून टेसरॅक्ट (स्कॅनमधली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) वापरतं आणि टेसरॅक्टला मराठी येतं, फक्त सेटिंगमध्ये मराठीची भाषा आपण घालावी लागते. आमच्या गावच्या सातबाऱ्याचा स्कॅन मी गट नंबर टाकून शोधतो आणि तो सापडतो, हे बघून माझे काका पहिल्यांदा गप्प बसले.

आता या यादीला ताकद किती लागते? पाय-होलला जवळपास काहीच नाही. होम असिस्टंटला थोडी. इमिच फोटो अपलोड होताना चेहरे ओळखतं तेव्हा प्रोसेसर पहिले काही दिवस घाम गाळतो, नंतर निवांत. खरी मेख जेलीफिनची आहे. टीव्हीला किंवा ब्राउझरला जो फॉरमॅट चालत नाही तो सर्व्हरला चालता चालता बदलून द्यावा लागतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि हे काम इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक फार सहज करतं. म्हणून सिनेमे चालवायचे असतील तर इंटेल घ्या. एएमडी वाईट नाही, पण नवख्या माणसाला इंटेलवर डोकेदुखी कमी होते.

एवढी यादी चार कोर आणि ८ जीबी रॅममध्ये बसते, १६ असेल तर आरामात. यूट्यूबवर लोक बारा-सोळा कोरचे डबे दाखवतात, ते बघून पाघळू नका. माझा सर्व्हर दिवसाचे तेवीस तास झोपलेलाच असतो.

२. नवा छोटा डबा की ऑफिसातून निघालेला जुना

हे दोनच खरे पर्याय आहेत. जुना लॅपटॉप हा तिसरा, तो घरात पडलेला असेल तर शिकायला आधी तोच वापरा, पण बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा. रास्पबेरी पाय (हातावर मावणारा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) हा चौथा, मात्र पाय, त्याचा अ‍ॅडॅप्टर, डबी, पंखा, एसएसडीचं जोडकाम असं सगळं मिळून बिल होतं तेव्हा मिनी पीसी शेजारीच उभा असतो.

नव्यामध्ये सध्या सगळीकडे इंटेलचा एन१०० दिसेल. २०२३ च्या सुरवातीला आला, चार कोर, चार थ्रेड, ६ वॅटचा टीडीपी, म्हणजे भार असतानाचा साधारण आकडा. नावाला अगदी साधा पण ट्रान्सकोडिंगला जबरदस्त, एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट सुद्धा उघडतो. एन१५० म्हणजे तोच थोडा पळवलेला, जो स्वस्त मिळेल तो घ्या. आठ कोर हवे असतील तर आय३-एन३०५. या सगळ्यांत रॅमचं एकच चॅनल असतं आणि एन१०० ला इंटेल अधिकृतपणे १६ जीबीच सांगतं. बऱ्याच छोट्या डब्यांत रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, म्हणजे आज ८ घेतली तर कायमची ८. हे घ्यायच्या आधी विचारा, फोटोत दिसत नाही.

जुन्यामध्ये लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क मिनी. तिघंही साधारण एक लिटरच्या आकाराचे, म्हणजे दुधाच्या दोन पिशव्या शेजारी ठेवल्यासारखे. बँका, कॉल सेंटर, कंपन्या हे लॉटने काढतात. आणि सध्या जरा जास्तच निघतायत, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा माल कंपन्यांसाठी कचरा झाला. आपण लिनक्स टाकणार, आपल्याला काय त्याचं!

पण पिढीचं बघा. सहाव्या पिढीचा आय५-६५००टी स्वस्त पडतो, पण तो दहा बिटचं एचईव्हीसी (हाही व्हिडिओचा फॉरमॅट) हार्डवेअरवर उघडत नाही, ते सातव्या पिढीपासून सुरू होतं. सिनेमे नकोच असतील तर ६५००टी मजेत घ्या. माझं मत विचाराल तर आठव्या पिढीचा आय५-८५००टी ही सगळ्यात समाधानाची जागा आहे, सहा कोर, रॅमचे दोन स्लॉट, आणि पुढे विकायचा झाला तर विंडोज ११ वाला म्हणून गिऱ्हाईकही मिळतं. नावाच्या शेवटी 'टी' हवा, म्हणजे ३५ वॅटवाला. ३५ वॅट म्हणजे तो सतत ३५ खातो असं नाही हां, तो भरधाव असतानाचा आकडा. माझा रिकामा बसलेला असताना मीटरवर १० च्या आसपास दाखवतो.

नवीन घेण्याचा फायदा म्हणजे वॉरंटी, नवा पंखा, कमी वीज. जुन्याचा फायदा म्हणजे बांधणी. ते डबे कंपनीत पाच वर्षं न थांबता चालण्यासाठीच बनवलेले असतात, आणि पार्ट मिळतात. मी जुना घेतला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, साडेतेरा हजारांना, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसकट. हा माझ्या वेळचा भाव, तुमच्या वेळचा तुम्ही काढा, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की आता डब्यात आधीपासून किती रॅम आहे यावरच सौदा ठरतो.

३. डिस्क कुठे बसणार?

माझी पहिली चूक इथली. मशीन घेतलं आणि मग ४ टीबीची २.५ इंची हार्ड डिस्क घेऊन आलो, ती आत बसेचना. झाकण उघडं ठेवून अर्धा तास वेगवेगळ्या कोनातून घालून बघितली, मग मोजपट्टी आणली. मिनी पीसीतला २.५ इंचाचा कप्पा ७ मिलिमीटर उंचीच्या डिस्कसाठी असतो आणि २ टीबीच्या वरच्या २.५ इंची हार्ड डिस्क साधारण १५ मिलिमीटरच्या येतात. दुकानदार काही सांगत नाही, त्याच्या दृष्टीने "अडीच इंची" म्हणजे अडीच इंची.

म्हणून हिशोब असा करा. फोटो-व्हिडिओ आज किती आहेत ते फोनमध्ये बघा, घरातल्या सगळ्यांचे मिळवा, दुप्पट करा. ते जर १ ते २ टीबीत बसत असेल तर प्रश्नच मिटला, एक एनव्हीएमई (पट्टीसारखी जलद एसएसडी) आत टाका आणि विषय संपवा. ४ टीबीपर्यंत सुद्धा एसएसडी आत बसतात, फक्त खिसा हलका होतो. त्याच्या वर जायचं असेल, सिनेमांचा साठा वगैरे, तर ३.५ इंची डिस्क बाहेर लावावी लागेल, तिला स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असलेली यूएसबी पेटी घ्या. यूएसबीमधूनच वीज घेणाऱ्या डिस्क मधेच गायब होतात आणि मग रात्री अकरा वाजता तुम्ही केबल हलवत बसता.

यात अजून काही खड्डे आहेत.

एम.२ (त्या पट्टीचा स्लॉट) दिसलं म्हणजे एनव्हीएमई असं धरू नका. काही स्वस्त डब्यांत एम.२ चा स्लॉट नुसता साटाचा, म्हणजे जुन्या हळू पद्धतीचा असतो, दिसायला तीच पट्टी, पण एनव्हीएमई लावली तर मशीन ओळखतच नाही. शिवाय स्लॉट किती आहेत ते मॉडेलच्या एका अक्षराने बदलतं. लेनोव्होच्या एम९२०क्यू मध्ये एकच एम.२ आहे आणि एम९२०एक्स मध्ये दोन. एक स्लॉट सिस्टिमला आणि २.५ चा कप्पा डेटाला, अशी वाटणी बहुतेकांना पुरते.

हार्ड डिस्क घेताना सीएमआर आहे की एसएमआर (डिस्कवर माहिती लिहायच्या दोन पद्धती) ते विचारा. एसएमआरवर मोठी कॉपी सुरू केली की सुरवातीला धावते आणि मग बैलगाडी होते. बॅकअप ठेवायला एसएमआर चालेल, रोजच्या कामाला नको.

आणि रेड (दोन डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. दोन यूएसबी पेट्या जोडून त्यावर रेड करायचा मोह होतो, मलाही झाला होता. नका करू. एक डिस्क चालू कामाला, दुसरी आठवड्यातून एकदा बॅकअपला, आणि जमलं तर तिसरी प्रत दुसऱ्या घरी. माझी तिसरी बहिणीकडे डबल बेडच्या ड्रॉवरमध्ये असते, दिवाळीला आणि गणपतीत अदलाबदल होते. इमिचचा बॅकअप घेताना फोटोंचा फोल्डर आणि डेटाबेसचा डम्प (नोंदींची प्रत) दोन्ही घ्यायचे, नुसते फोटो घेतले तर अल्बम, चेहऱ्यांची नावं सगळी मेहनत गेली.

४. रॅम, नेटवर्क, हे पटकन

रॅम लॅपटॉपची लागते, सोडिम. डीडीआर४ च्या स्लॉटात डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळी असते, जोर लावू नका. नेटवर्कला साधं गिगाबिट पुरतं, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास कॉपी होते, घरात याहून काय पाहिजे. २.५ गिगाबिट मिळालं तर बरं, पण त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका कारण तुमचा राउटर बहुधा गिगाबिटचाच आहे. सर्व्हर मात्र वायरने जोडा, वायफायवर नाही. कंपनीच्या मशीनमध्ये बऱ्याचदा वायफाय कार्डच नसतं, ते चांगलंच आहे.

५. जुना घ्यायला जाताना पिशवीत काय घ्यायचं

- लाइव्ह उबुंटू (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) टाकलेला पेन ड्राइव्ह, घरी एकदा चालवून बघितलेला
- छोटा चार धारी स्क्रू ड्रायव्हर
- डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल, कारण अशा मशीनना बऱ्याचदा डिस्प्लेपोर्टच असतो आणि दुकानातल्या मॉनिटरला एचडीएमआय
- यूएसबी कीबोर्ड, दुकानातला बहुतेक वेळा अर्धा मेलेला असतो
- सॉकेटमध्ये लावायचा वॅट मीटर, असला तर
- एक नवा सीआर २०३२ सेल, का ते पुढे सांगतो
- फोन, मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबरचे फोटो काढायला

परत येताना हातात जीएसटीचं बिल हवं आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घेतलेला हवा. "तीस दिवस टेस्टिंग वॉरंटी" तोंडी सांगतात, ती बिलावर पेनाने लिहून सही घ्या. शनिवारी दुपारी जाऊ नका, गर्दीत कोणी तुम्हाला मशीन उघडू देणार नाही. मी मंगळवारी सुट्टी टाकून डोंबिवलीहून गेलो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, दुकानदाराला वेळ होता आणि त्याने चहासुद्धा पाजला.

६. काउंटरवर काय तपासायचं

क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं काम बायोस, म्हणजे मशीनचं आतलं मूळ सेटिंग. मशीन चालू करून लेनोव्होला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा आणि दुसरं मागा. कंपन्यांनी टाकलेला बायोसचा पासवर्ड सेल काढून वगैरे जात नाही, बऱ्याच मॉडेलांत तो बोर्डवरच्या चिपमध्ये असतो. "घरी जाऊन सॉफ्टवेअरने निघेल" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

दुसरं, अ‍ॅडॅप्टर. माझी दुसरी चूक ही, आणि हिच्यासाठी मी दोन आठवडे वाया घालवले. दुकानदाराने मशीनबरोबर दिलेला अ‍ॅडॅप्टर त्याच ब्रँडचा दिसत होता, पिनही बसत होती. घरी आल्यावर सगळं चालू, पण इतकं मंद की एक पान उघडायला चहा होऊन जायचा. मी लिनक्स तीनदा टाकलं, रॅम बदलून पाहिली, डिस्कला दोष दिला. शेवटी एकदा मॉनिटर जोडलेला असताना रीस्टार्ट केलं तेव्हा काळ्या स्क्रीनवर दोन सेकंद एक ओळ चमकली की अ‍ॅडॅप्टरची ओळख पटली नाही. काही कंपन्यांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये मधल्या पिनेतून ओळख सांगितली जाते, ती नाही पटली की मशीन प्रोसेसरला मुद्दाम गोगलगाय करून ठेवतं. अस्सल अ‍ॅडॅप्टर आणला आणि त्याच क्षणी सगळं सुतासारखं सरळ झालं. तेव्हा अ‍ॅडॅप्टर मशीनला जोडून, चालू होतानाचा स्क्रीन नीट बघा आणि त्याच्यावरचे वॅट वाचा, कमीत कमी ६५ चा हवा.

मग लाइव्ह उबुंटू चालवा. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) टाईप केलं की प्रोसेसरचं खरं नाव दिसतं, स्टिकरवर विश्वास नको. डिस्कचं आयुष्य स्मार्टसीटीएल (smartctl) या कमांडने बघता येतं, पण ते लाइव्ह उबुंटूत आधीपासून नसलं तर 'डिस्क्स' नावाच्या अ‍ॅपमध्येही डिस्कची स्मार्ट माहिती (तिच्या तब्येतीची नोंद) उघडते. चालू तास दिसतील, पाच वर्षं सतत म्हणजे ४३,८०० तास. अशी डिस्क असेल तर ती फुकट आली समजा आणि नवी घालायचा खर्च सौद्यात धरा.

शेवटी झाकण उघडा. बहुतेक मॉडेलांना मागे एकच स्क्रू असतो. माझ्यातून धुळीची अक्षरशः गादी निघाली, पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकर चढलेली आणि आत कंपनीच्या मालमत्तेचं अर्धं फाटलेलं स्टिकर. धूळ म्हणजे दोष नाही, ब्रशने जाते, भाव करायला उलट बरी. बघायचं ते गंज, पाण्याचे पांढरे डाग आणि पंख्याचा खरखर आवाज. हॉलमध्ये ठेवणार असाल तर पंख्याला कान लावाच, रात्री तो आवाज दुप्पट वाटतो.

नवा डबा ऑनलाइन मागवला असेल तर यातलं काही करता येत नाही, पण एक करा. आतलं विंडोज चालूच न करता डिस्क पूर्ण पुसून लिनक्स टाका. २०२४ च्या सुरवातीला काही नव्या मिनी पीसींमध्ये कारखान्यातूनच मालवेअर आलेलं सापडलं होतं. आणि परत करायची मुदत संपायच्या आत दोन दिवस सलग लोड देऊन चालवा.

७. लाईट जाते, हे धरूनच चाला

परदेशातल्या व्हिडिओत हा भाग नसतोच. तिथे अपवाद असेल, आपल्याकडे मेंटेनन्स, पावसाळा आणि झाड पडलं हे ठरलेलं.

बायोसमध्ये एक सेटिंग असतं, लाईट परत आल्यावर मशीनने काय करायचं. लेनोव्हो आणि एचपीत 'आफ्टर पॉवर लॉस', डेलमध्ये 'एसी रिकव्हरी', एन१०० च्या डब्यांत बऱ्याचदा 'स्टेट आफ्टर जी३' असं विचित्र नाव. ते 'पॉवर ऑन' करायचं, जी३ वाल्यात 'एस० स्टेट'. हे सेटिंग ज्या मशीनमध्ये सापडत नाही ते सर्व्हरसाठी घेऊच नका, माझ्या लेखी हा प्रोसेसरपेक्षा मोठा निकष आहे.

आणि आता तो सेल. माझी तिसरी चूक, फुकटातली. सेटिंग केलं, लाईट घालवून तपासलं, मशीन आपोआप चालू झालं, खूश. गणपतीला आम्ही गावाला गेलो, चिपळूणच्या पुढे. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत लाईट गेली ती चार तास. परत आली पण सर्व्हर काही उठला नाही. आरती चालू असताना मी फोनवरून सर्व्हर जिवंत आहे का ते पिंग करून बघतोय आणि बायको बघतेय. आठ दिवसांनी घरी आलो तेव्हा मशीन बायोसच्या स्क्रीनवर "तारीख सेट करा" म्हणून थांबलेलं. बोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला होता, त्यामुळे वीज गेली की सगळी सेटिंगं पुसली जात होती. मी तपासताना लाईट दहा सेकंदच घालवली होती, तेवढ्यात काही झालं नव्हतं. जुनं मशीन घेतलं की सेल पहिल्याच दिवशी बदला, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. आणि तपासताना प्लग काढून चांगला तासभर ठेवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर जरा उशिरा पकडतो, पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर छोटा यूपीएस घ्या, १० वॅटच्या मशीनला तो बराच वेळ पुरतो. त्यावर राउटर आणि फायबरची पेटी पण जोडा, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि इंटरनेट मेलेलं. एन१०० चे बरेच डबे १२ व्होल्टवर चालतात, मग लोक राउटरचा १२ व्होल्टवाला छोटा यूपीएस त्यालाच लावतात. व्होल्ट जुळले तरी अँपिअर वाचा, राउटरवाले यूपीएस बऱ्याचदा २-३ अँपिअरचेच असतात आणि डिस्क जोडल्यावर कमी पडतात.

बिलाचं सांगतो. १० वॅट चोवीस तास म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट, महिन्याला सात-साडेसात. घरातला जुना मोठा डेस्कटॉप ७० वॅट खात असेल तर वर्षाला ६१३ युनिट, महिन्याला एक्कावन. आता महावितरणच्या बिलात १०० च्या वर, ३०० च्या वर, ५०० च्या वर असे टप्पे आहेत, आणि सर्व्हरची युनिटं तुमच्या बिलाच्या शेवटी, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात बसतात. तुमचं बिल २८० युनिटच्या आसपास असेल तर एक्कावन युनिटं तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलतात, सात ढकलत नाहीत. फुकटातला जुना डेस्कटॉप असा महाग पडतो.

८. इन्स्टॉल, आणि बाहेरून कसं बघायचं

डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर टाका, वर डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळं ठेवून चालवणारं), आणि एकेक अ‍ॅप. प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्चुअल मशीन चालवणारं) छान आहे, पण पहिल्याच दिवशी नको, होम असिस्टंट वेगळ्या व्हर्चुअल मशीनमध्ये हवं असं वाटायला लागेल तेव्हा घाला. राउटरमध्ये जाऊन सर्व्हरचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) पक्का करून ठेवा. पाय-होल लावणार असाल तर तर नक्कीच, नाहीतर आयपी बदलला की घरातल्या सगळ्यांचं नेट बंद आणि बोलणी तुम्हाला.

बाहेरून फोटो बघायचे म्हणून लोक राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करत बसतात, म्हणजे बाहेरून आत यायला दार उघडतात, आणि ते चालतच नाही. कारण आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडमध्ये तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, अनेक घरांत मिळून एक असतो, त्याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे भरायच्या आधी टेलस्केल (आपल्याच उपकरणांना खाजगी वाटेने जोडणारं) वापरून बघा, घरगुती वापराला फुकट आहे, सर्व्हरवर आणि फोनवर टाकलं की झालं. राउटरमध्ये एकही दार उघडावं लागत नाही, त्यामुळे नवख्याला सुरक्षितही तेच.

९. ठेवायचा कुठे

माळ्यावर नको, बंद कपाटात नको, चपलांच्या स्टँडमध्ये तर अजिबात नको. डबा गरम असतो आणि पावसाळ्यात पालींना आणि झुरळांना ऊब आवडते. माझ्या एका मित्राच्या मशीनमधून पालीची अंडी निघाली. टीव्हीच्या युनिटवर, भिंतीपासून चार बोटं पुढे, मागची हवा मोकळी राहील असा ठेवा. दर सहा महिन्यांनी झाकण काढून ब्रश मारा, दिवाळीच्या साफसफाईत आपोआप होतं.

त्याच साफसफाईत प्लग निघण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. आमच्याकडे एकदा व्हॅक्यूम क्लीनरसाठी, एकदा लाइटिंगच्या माळेसाठी निघाला. तेव्हापासून डब्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे, मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल अशी: "हा बंद करू नये. यात तुझे फोटो आहेत. बंद करावाच लागला तर पुढचं बटण एकदाच दाबून दिवा विझेपर्यंत थांबणे, मग प्लग काढणे."